घरात थायरॉइड, खिशात सिगारेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आता टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी कमी पडली की ते रक्तात वाढतं) तपासणं फार सोपं झालंय. सकाळी पर्वती चढून खाली आलं की वाटेतल्या लॅबमध्ये रक्त द्यायचं, संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो. त्यात लाल अक्षरांत काही दिसलं की प्रश्न सुरू होतात, आणि दवाखान्यात ते बहुतेक दोनच दिशांनी येतात. एक, आईला आहे म्हणून मला झाला का? दुसरा जरा हळू आवाजात येतो, सिगारेटमुळे असं होतं का? हे पान या दोन प्रश्नांपुरतंच आहे. थायरॉइडवरचा काढा किंवा महिन्यात दहा किलो उतरवणारा आहार इथे मिळणार नाही.

थायरॉइड आनुवंशिक असतो का? हो की नाही, एवढंच सांगा.

कल आनुवंशिक असतो, आजार नव्हे. आई-वडिलांकडून मुलांकडे जाते ती रोगप्रतिकारशक्तीची एक खोड, आपल्याच थायरॉइड ग्रंथीला परकी समजून तिच्यावर चालून जाण्याची. ही खोड कुणात जन्मभर झोपून राहते, कुणात बाळंतपणानंतर जागी होते, तर कुणात थेट पन्नाशीनंतर.

पण त्याआधी एक विचारून घ्या, घरात नेमका कुठला थायरॉइड आहे? ‘आईला थायरॉइड आहे’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. हार्मोन कमी पडत असेल तर हायपो. मीठ आयोडीनयुक्त झाल्यापासून आपल्या शहरांत याचं मुख्य कारण हाशिमोटोचा आजार. यात शरीरातल्या अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीची हत्यारं) आणि पेशी ग्रंथीला वर्षानुवर्षं कुरतडत राहतात. जपानी सर्जन हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली त्याचं वर्णन केलं. हार्मोन जास्त होत असेल तर हायपर. त्याचं मोठं कारण ग्रेव्हजचा आजार, जो डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली नोंदवला. त्यात अँटिबॉडी ग्रंथीला मारत नाहीत, उलट सतत कामाला जुंपतात. दोन्ही आजारांचं मूळ एकच असल्यामुळे ते एकाच घरात सापडतात. आईला हाशिमोटो आणि मुलीला ग्रेव्हज असं चित्र अजिबात नवलाचं नाही. साधा गलगंड, गाठी आणि कॅन्सर यांचा हिशेब वेगळा आहे, त्याबद्दल पुढे.

मग यात रक्ताचा वाटा किती?

हे मोजण्यासाठी जुळ्यांकडे बघतात. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत एक असतात, वेगळ्या जुळ्यांची मात्र साध्या भावंडांइतकीच जुळतात. डेन्मार्कमध्ये जुळ्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्या आधारे दिसलं की एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ग्रेव्हज असेल तर दुसऱ्यालाही तो असण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्के, आणि वेगळ्या जुळ्यांत ३ टक्क्यांच्या आसपास. हाशिमोटोच्या हायपोमध्ये एकसारख्या जुळ्यांचा हाच आकडा ५५ टक्क्यांच्या घरात गेला.

३५ आणि ३ यांतला फरक जनुकांचं वजन सांगतो. पण तोच आकडा उलटा वाचा. जनुकं तीच, आईचं पोट तेच, बहुतेकदा घरही तेच, आणि तरी ६५ टक्के जोड्यांत दुसऱ्याला ग्रेव्हज झालेला नाही. माझ्या मते या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे, आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही. त्या ६५ टक्क्यांत आयोडीन, बाळंतपण, संसर्ग, काही औषधं, निव्वळ योगायोग आणि तंबाखूचा धूर असं सगळं येतं.

माझी आई, मावशी आणि आजी, तिघींनाही गोळी चालू आहे. मलाही होणारच ना?

होणारच असं नाही. ॲमस्टरडॅममध्ये अशाच ७९० जणींवर पाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. प्रत्येकीच्या जवळच्या नात्यात ऑटोइम्यून थायरॉइडचा, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीनं ग्रंथीवर चालून गेल्यामुळे झालेल्या आजाराचा, रुग्ण होता, पण स्वतःचं थायरॉइड सुरुवातीला नीट चाललं होतं. पाच वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे साडेसात टक्के जणींना उघड हायपो किंवा हायपर झाला, म्हणजे वर्षाला साधारण दीड टक्का. सर्वसामान्य बायकांपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त आहे, हे खरं. पण ‘होणारच’ या शब्दापासून ते खूप लांब आहे.

त्याच पाहणीतून असंही कळलं की धोका सगळ्यांचा सारखा नव्हता. जिचं टीएसएच आधीच वरच्या बाजूला झुकलेलं होतं, जिच्या रक्तात अँटी-टीपीओ (थायरॉइड ग्रंथीविरुद्धच्या) अँटिबॉडी भरपूर होत्या आणि जिच्या घरात एकाहून जास्त रुग्ण होते, तिचा धोका कितीतरी जास्त. तुमच्या घरात तिघी आहेत, तेव्हा तुम्ही तपासणी टाळू नका, एवढाच याचा अर्थ.

वडिलांकडूनही येतो का?

येतो. जनुकं दोन्हीकडून येतात. पुरुषांत आजार कमी दिसतो, त्यामुळे वडील स्वतः ठणठणीत असूनही त्यांच्या आईचा किंवा बहिणीचा कल तुमच्यापर्यंत पोचू शकतो. डॉक्टरांनी ‘घरात कुणाला?’ असं विचारलं की आपण फक्त आईकडची माणसं आठवतो. आत्यालाही एक फोन करा.

नेमकं कुठलं जनुक? ते सापडलं तर काढता नाही का येत?

एकच जनुक असतं तर गोष्ट सोपी होती. खडकवासला एका ओढ्यानं भरत नाही. आंबी, मोशी, मुठा आणि त्यांना मिळणारे असंख्य ओहोळ मिळून ते भरतं, आणि विसर्ग सोडायची वेळ आली की कुठल्या ओहोळाच्या पाण्यामुळे आली हे कुणाला सांगता येत नाही. इथेही तसंच आहे. एचएलए-डीआर३ हा प्रकार, सीटीएलए४, पीटीपीएन२२, टीएसएच रिसेप्टरचं जनुक, थायरोग्लोब्युलिनचं जनुक अशी बरीच नावं आहेत आणि प्रत्येकाचा वाटा छोटा. यातली बरीचशी रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणारी जनुकं आहेत. म्हणूनच थायरॉइडच्या घरात टाइप १ मधुमेह, कोड, सिलिॲक (गहू न सोसणारा आतड्याचा आजार) किंवा संधिवात असलेलं माणूस निघतं.

लाळ पाठवून करायची जेनेटिक टेस्ट करून घेऊ का? ऑफिसच्या हेल्थ पॅकेजमध्ये सवलत आहे.

हाशिमोटो किंवा ग्रेव्हजसाठी करू नका. रिपोर्टमध्ये ‘जास्त धोका’ किंवा ‘कमी धोका’ काहीही आलं, तरी पुढची पायरी टीएसएच तपासणं हीच असते, आणि ते काही शे रुपयांत होतं. शिवाय हे गणित बरंचसं युरोपीय लोकांच्या आकड्यांवर बसवलेलं आहे. पीटीपीएन२२ मधला जो बदल तिकडे महत्त्वाचा ठरतो, तो आशियाई लोकांत क्वचितच सापडतो. हिंजवडीच्या ऑफिसात सवलत मिळाली म्हणून ती टेस्ट आपल्या रक्ताला लागू होत नाही.

एका ठिकाणी मात्र जनुकांची तपासणी जीव वाचवते. थायरॉइडच्या कॅन्सरचा मेड्युलरी नावाचा एक कमी आढळणारा प्रकार आहे. त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत आरईटी नावाच्या एकाच जनुकात दोष असतो, आणि तो पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता प्रत्येक मुलामागे निम्मी असते. घरात मेड्युलरी कॅन्सरचा रुग्ण असेल तर त्याची आरईटी तपासणी व्हायलाच हवी. त्यात दोष सापडला तर भावंडं आणि मुलं यांचीही करतात, आणि ज्या मुलात तोच दोष निघतो त्याची ग्रंथी कॅन्सर व्हायच्या आत काढून टाकतात. इथे चालढकल करू नका. नेहमीचा पॅपिलरी कॅन्सर बहुतेक वेळा घराण्यातून आलेला नसतो.

बायकांनाच का होतो हा?

पुरुषांनाही होतो, पण बायकांत पाच ते दहापट जास्त. एक्स गुणसूत्रं दोन असणं, इस्ट्रोजेन, आणि बाळंतपणानंतर प्रतिकारशक्तीची पुन्हा होणारी घडी ही त्यामागची मानली गेलेली कारणं आहेत. पुरुषाला ग्रेव्हज झाला तर डोळ्यांचा त्रास मात्र अनेकदा जास्त गंभीर होतो, आणि सिगारेट ओढणारेही बहुतेक तेच असतात.

सिगारेटनं थायरॉइड होतो का?

ग्रेव्हजपुरतं उत्तर स्पष्ट आहे, सिगारेट धोका वाढवते. अमेरिकेत एक लाखाहून जास्त परिचारिकांवर बारा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ओढणाऱ्या परिचारिकांत ग्रेव्हजचा धोका न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाला आणि रोज २५ किंवा त्याहून जास्त ओढणाऱ्यांत अडीचपटीच्या वर गेला. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून काढलेला आकडा तर तिपटीच्या आसपास आहे. ज्यांनी सोडली, त्यांच्यात हा धोका बराच खाली आलेला दिसतो.

‘मी दिवसाला चारच ओढतो’ हे वाक्य इथे हमखास येतं. चार म्हणजे पंचवीस नव्हेत, मान्य. पण मात्रेबरोबर धोका वाढतो याचा अर्थ चारांचा धोका शून्य असा होत नाही. आणि टपरीवरच्या चहासोबत दोघांत ओढलेली अर्धी कुणी मोजत नाही.

डोळ्यांचा काय संबंध? मित्राचे डोळे बाहेर आलेत आणि डॉक्टर सारखं सिगारेटवरूनच बोलतात.

डॉक्टर बरोबर बोलतायत. या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

ग्रेव्हजमध्ये ज्या अँटिबॉडी ग्रंथीला चिथावतात, त्यांचं लक्ष्य डोळ्यांमागच्या पेशींतही असतं. तिथे सूज येते, चरबी वाढते, स्नायू जाड होतात. खोबणीत जागा थोडी, त्यामुळे डोळा पुढे ढकलला जातो. आधी डोळे चुरचुरतात, सकाळी पापण्या सुजलेल्या दिसतात, उजेड सहन होत नाही. पुढे एकाचे दोन दिसायला लागतात. क्वचित डोळ्याची नस दाबली जाऊन नजरच जाते.

ग्रेव्हज असलेला माणूस ओढत असेल तर हा त्रास होण्याची शक्यता न ओढणाऱ्यापेक्षा चौपटीहून जास्त, काही पाहण्यांत त्याहूनही बरीच वर. सिगारेटच्या अर्कात ठेवलेल्या या पेशी प्रयोगशाळेत जास्त चरबी आणि जास्त पाणी धरणारा चिकट पदार्थ तयार करतात, हे बघितलं गेलंय. धुरामुळे त्या भागाला प्राणवायूही कमी मिळतो.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. ओढणाऱ्यावर उपचारही नीट लागू पडत नाहीत. इटलीत झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या कामात, ग्रेव्हजसाठी नुसतं रेडिओआयोडीन (ग्रंथीचं काम कमी करणारं किरणोत्सारी आयोडीन) दिलेल्या ओढणाऱ्यांपैकी सुमारे २३ टक्के लोकांचे डोळे बिघडले, न ओढणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होतं. ज्यांचे डोळे आधीच जास्त बिघडलेले होते त्यांना स्टिरॉइड आणि डोळ्यांमागे रेडिएशन दिलं गेलं. त्यातही न ओढणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळे सुधारले आणि ओढणाऱ्यांपैकी साधारण दोन तृतीयांश. आजार तोच, मशीन तेच, औषध तेच.

घराण्यात ग्रेव्हज असणं मित्राच्या हातात नव्हतं. डोळ्यांसाठी त्याच्या हातात आज जी सगळ्यात मोठी गोष्ट आहे, ती त्याच्या खिशात आहे. डॉक्टर सारखं तेच बोलतात ते यासाठी.

जनुकं आणि सिगारेट यांत जास्त वाईट काय?

या प्रश्नासाठीही डेन्मार्कची जुळी कामाला आली. जोडीतल्या एकाला थायरॉइडचा आजार आणि दुसऱ्याला नाही, अशा जोड्या घेतल्या. आजारी जुळं ओढणारं असण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त निघालं. एकसारख्या जुळ्यांतही हा फरक टिकला, म्हणजे ‘ओढणाऱ्यांची जनुकंच वेगळी असतील’ ही पळवाट बंद झाली.

तेव्हा एकाला पुढे आणि दुसऱ्याला मागे ठेवायची गरजच नाही. कल नसलेल्या बहुतेकांना कितीही ओढूनही ग्रेव्हज होत नाही (फुप्फुसांचं काय होतं ते वेगळं), आणि कल असलेल्या बहुतेकांना न ओढता होत नाही. दोन्ही एकत्र आले की काळजी. ज्या घरात थायरॉइड आहे, त्या घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोरापोरींना हे सांगायला हवं. फर्ग्युसन रस्त्यावर पहिली सिगारेट पेटते ती याच वयात.

पण सिगारेटनं हायपोचा धोका कमी होतो असं इंटरनेटवर वाचलं. खोटं आहे का?

नाही, खोटं नाही, आणि ते लपवण्यात अर्थही नाही. अमेरिकेतल्या मोठ्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत थायरॉइडविरोधी अँटिबॉडी न ओढणाऱ्यांपैकी १८ टक्के आणि ओढणाऱ्यांपैकी ११ टक्के लोकांत सापडल्या. वाढलेलं टीएसएचही ओढणाऱ्यांत कमी जणांचं होतं. नॉर्वेतही हेच दिसलं. निकोटीन किंवा तंबाखूतली तत्सम द्रव्यं प्रतिकारशक्तीच्या एका बाजूला दाबत असावीत, असा कयास आहे. म्हणजे एकच धूर ग्रेव्हजला चेतवतो आणि हाशिमोटोला काहीसा रोखतो. विचित्र आहे, पण तसं आहे.

आता यावरून कुणी म्हणेल, ‘आमच्याकडे हाशिमोटो आहे, मग ओढलेली बरी.’ हिशेब मांडून बघा. हायपोवर रोज सकाळी एक गोळी आहे, स्वस्त, जुनी, पूर्ण मात्रेत घेतली तर आयुष्य नेहमीसारखं चालतं. त्या गोळीपासून वाचण्याच्या थोड्याशा शक्यतेसाठी हार्ट अटॅक, पक्षाघात आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका विकत घ्यायचा. मंडईत भाजी घेताना आपण याहून चांगला व्यवहार करतो.

सिगारेट सोडली आणि सहा महिन्यांत टीएसएच वाढलं. सोडल्यामुळेच झालं का?

तसं असू शकतं. डेन्मार्कमधल्या पाहणीत सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत हाशिमोटो पद्धतीचा हायपो उघड होण्याचं प्रमाण अनेक पटींनी वाढलेलं आढळलं, आणि मग ते ओसरलं. धुराखाली दबलेला कल वर आला, असं म्हणा.

म्हणून घरात थायरॉइड असलेल्यानं सोडताना एवढंच करायचं. सोडण्याआधी किंवा सोडल्यावर लगेच एक टीएसएच, मग साधारण सहा महिन्यांनी एक आणि वर्षानं एक. वाढलं तर गोळी सुरू होईल. पुन्हा पेटवणं हा त्यावरचा उपचार नाही.

वजनाचंही इथेच सांगतो. सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतात. भूक उघडते, जिभेला चव येते. त्याचं खापर थायरॉइडवर फोडण्याआधी रिपोर्ट बघा.

धुराचा गलगंडाशी काय संबंध? आणि मी सैंधव खातो, ते चालेल ना?

तंबाखूच्या धुरात सायनाइड असतं. शरीर त्याचं थायोसायनेट करतं, आणि हे थायोसायनेट ग्रंथीत शिरणाऱ्या आयोडीनची वाट अडवतं. आयोडीन भरपूर असेल तर ग्रंथी निभावून नेते. कमी असेल तर ती फुगते, गाठी होतात. म्हणून जिथे आयोडीन कमी, तिथे ओढणाऱ्यांत गलगंड जास्त दिसतो.

आपल्याकडे गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला, आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनशिवायचं मीठ विकायला देशभर बंदी आहे. त्यामुळे शहरात हा प्रश्न मागे पडला होता. आता सदाशिव पेठेपासून बाणेरपर्यंत स्वयंपाकघरांत सैंधव आलंय, ‘नैसर्गिक’ म्हणून. साध्या सैंधवात पुरेसं आयोडीन नसतं. ओढणाऱ्याच्या घरात, किंवा गरोदर बाई असलेल्या घरात, रोजचं मीठ आयोडीनयुक्तच असू द्या. सैंधव उपवासाला ठेवा. उलट्या टोकालाही जाऊ नका, केल्पच्या (समुद्री शेवाळाच्या) गोळ्या किंवा आयोडीनचे थेंब स्वतःच्या मनानं घेतले तर कल असलेल्या माणसात आजार जागा होऊ शकतो.

आजी मिश्री लावते. तिलाही हे सगळं लागू का?

वर सांगितलेले आकडे धुराचे आहेत. मिश्रीत धूर आत जात नाही. भाजलेल्या तंबाखूतलं निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं. म्हणून ग्रेव्हजचे आकडे उचलून मिश्रीवर चिकटवणं बरोबर नाही.

तरीही मिश्रीबद्दल गप्प बसता येत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांहून कमी आहेत, पण धूर नसलेला तंबाखू वापरणारे सुमारे २४ टक्के. परदेशी पाहण्या वाचून आपण सिगारेटवर बोलत राहतो, आणि मुळशी-भोरकडून पुण्यात आलेल्या घरांत मिश्रीचा डबा सासूकडून सुनेकडे जातो. तोंडाचा कॅन्सर, गरोदरपणी कमी वजनाचं बाळ, हे मिश्रीचे परिणाम पक्के माहीत आहेत. थायरॉइडचं कारण पुढे करून डबा बंद झाला तरी मला आनंदच आहे. आजींशी बोलताना आवाज खाली ठेवा. ती सवय बहुधा त्यांना दहाव्या-बाराव्या वर्षी कुणी मोठ्यांनीच लावली होती.

मी ओढत नाही, हे ओढतात. मला काही होईल?

घरातल्या धुरातूनही थायोसायनेट वाढतं. ज्या देशांत धूम्रपान जास्त, तिथे ग्रेव्हज झालेल्या लहान मुलांतही डोळ्यांचा त्रास जास्त दिसला आहे. एवढी लहान मुलं सहसा स्वतः ओढत नाहीत. तुम्हाला ग्रेव्हज असेल, तर यांनी गॅलरीत जाऊन ओढणं पुरेसं नाही. वन बीएचकेत गॅलरी आणि हॉल यांत अंतर ते किती?

सिगारेट सोडून व्हेप किंवा हुक्का चालेल का?

हुक्क्यात धूरच असतो, पाण्यातून आला तरी. ई-सिगारेटच्या विक्रीवर भारतात २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा हातात येतं ते चोरीचं, आणि आत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. निकोटीनची गम औषधाच्या दुकानात मिळते. ती वापरा.

दिवस राहिलेत आणि घरात थायरॉइड आहे. काय करू?

पहिल्या भेटीतच टीएसएच करा, तिसऱ्या महिन्याची वाट बघू नका. सुरुवातीचे तीन महिने बाळ आईच्याच हार्मोनवर असतं. अँटी-टीपीओ असेल तर बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड वर-खाली होऊ शकतं. तेव्हाचा थकवा ‘बाळामुळेच’ असं गृहीत धरू नका.

ओढत असाल तर आताच सोडा. ओढणाऱ्या आईच्या दुधात आयोडीन जवळपास निम्मं भरतं, असं डेन्मार्कमध्ये मोजलं गेलंय. बाळाची ग्रंथी त्याच दुधावर चालते.

मामाच्या मुलीशी लग्न ठरतंय. बाळाला थायरॉइड होईल का?

हाशिमोटो आणि ग्रेव्हजसाठी नात्यातल्या लग्नाचा मुद्दा लहान आहे. खरा प्रश्न जन्मजात हायपोचा. त्याच्या एका प्रकारात हार्मोन तयार करणाऱ्या यंत्रणेत दोष असतो, आणि आई-बाप दोघांकडून तेच सदोष जनुक आलं तरच आजार दिसतो. नात्यातल्या लग्नात ही शक्यता वाढते. भारतात साधारण हजार-बाराशे बाळांमागे एकाला जन्मजात हायपो असतो. लग्न नात्यात असो वा नसो, जन्मल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी टाचेतून रक्त घेऊन टीएसएच करून घ्या. हॉस्पिटलनं सुचवलं नाही तरी मागा. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बाळाची बुद्धी नीट वाढते.

घरात आहे, मला काही त्रास नाही. कुठली टेस्ट आणि किती वेळा?

एकदा टीएसएच आणि एकदा अँटी-टीपीओ. दोन्ही नीट असतील तर टीएसएच काही वर्षांतून एकदा पुरतं. अँटी-टीपीओ निघालं आणि टीएसएच नीट असेल तर वर्षातून एकदा टीएसएच. अँटी-टीपीओ पुन्हा पुन्हा करू नका, आकडा ८०० चा ६०० झाला म्हणून उपचार बदलत नाही. धडधड, हाताला कंप, भूक असून वजन उतरणं, किंवा डोळ्यांत बदल असेल तर टी३, टी४ (थायरॉइडचे हार्मोन) आणि टीएसएच रिसेप्टरची अँटिबॉडी (ग्रेव्हजमध्ये ग्रंथीला जुंपणारी) यांची तपासणी लागते.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस थांबवा. काही मशिनवर बायोटिनमुळे नीट चाललेलं थायरॉइड हायपर असल्यासारखं दिसतं, आणि अशा खोट्या रिपोर्टवर घाबरून आलेली माणसं खूप भेटतात.

सोडायची कशी? आमच्या ग्रुपमध्ये सगळे ओढतात.

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा नंबर १८००-११-२३५६ आहे, पाकिटावर छापलेला असतो, फोन मोफत. निकोटीनची गम किंवा पॅच, आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध, यांनी यशाची शक्यता वाढते. नुसता निश्चय पुरतो असं मी तरी सांगणार नाही. पहिले काही आठवडे चहा टपरीऐवजी ऑफिसच्या मशीनचा घ्या. चव वाईट असते, माहीत आहे.

हायपर असेल तर एक लक्षात ठेवा. त्याची धडधड आणि चिडचिड, आणि सोडल्यावरची तडफड, एकसारखीच वाटते. आधी हायपरचं औषध सुरू करून घ्या, मग सोडणं सुसह्य होतं.

मी ओढते हे घरी माहीत नाही, आणि दवाखान्यात आई सोबत असते. डॉक्टरांना सांगायलाच हवं का?

हो. ग्रेव्हज असेल तर रेडिओआयोडीन द्यायचं का, सोबत स्टिरॉइड लागेल का, डोळ्यांची तपासणी किती लवकर हवी, हे सगळं त्या एका उत्तरावर बदलतं. तपासणीच्या वेळी ‘मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय’ एवढं म्हणा, डॉक्टर आईंना बाहेर बसायला सांगतील. तेही जमत नसेल तर आधी फोन करून किंवा चिठ्ठी लिहून कळवा. तुम्ही सज्ञान असाल तर तुम्ही सांगितलेलं घरच्यांपर्यंत न नेणं हे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. फाइल मात्र आईंच्या पिशवीत जाणार असेल, तर त्यावर काय लिहायचं हेही तेव्हाच बोलून घ्या.